परदेशात शिकून नेमकं काय हाती लागतं? (जर्मनी, मेकॅनिकल, मुलगा तिसऱ्या वर्षाला)

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मुलगा पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीजीपीए ७.९, एकही बॅकलॉग नाही. दिवाळीला घरी आला आणि फराळ करता करता म्हणाला, "बाबा, मला जर्मनीत मास्टर्स करायचंय. तिथे फी नसते." फी नसते म्हटल्यावर मी निम्मा विरघळलो. मग चौकशी केली तेव्हा ब्लॉक्ड अकाउंट नावाचं प्रकरण कळलं. वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात टाकून दाखवायचे. युरो शंभरीला टेकलाय, म्हणजे बारा लाख झाले की. कर्ज काढावं लागेल, थोडी सोसायटीची ठेव मोडावी लागेल. ते जमवू.

पण मला कळत नाही ते वेगळंच. डिग्री इथेही मिळते. तिथे जाऊन पोराच्या अंगात असं काय येतं, जे इथे येत नाही? आणि आलंच, तर ते नोकरीच्या बाजारात चालतं का? तिथल्या, आणि उद्या परत आला तर इथल्या? सांगलीतल्या एका एजंटाला विचारलं तर तो म्हणाला, "काका, एक्स्पोजर!" कॅमेऱ्याच्या बाहेर या शब्दाचा अर्थ काय होतो, ते कोणी सांगेल का?

अर्धवटराव
खुर्ची टाकून बसलोय. शंभर प्रतिसाद नक्की.

केम्निट्झवाली
काका, एक्स्पोजरचं मी सांगते. जर्मनीतच केम्निट्झला मास्टर्स केलं, २०२२ मध्ये संपलं, आता श्टुटगार्टजवळ नोकरी करते. मूळची इचलकरंजीची.

पहिल्या सेमिस्टरला तुम्हाला कोणी म्हणजे कोणीच काही विचारत नाही. हजेरी नाही, युनिट टेस्ट नाही, जर्नलवर सही नाही. बहुतेक विषयांना शेवटी एकच परीक्षा. तिला नावसुद्धा आपणच ऑनलाइन नोंदवायचं, मुदतीच्या आत. माझी एका विषयाची मुदत हुकली. आपल्याकडे असते तर ऑफिसात जाऊन "सर, प्लीज" केलं असतं, लेट फी भरली असती, काम झालं असतं. तिथल्या बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं, पुढच्या सेमिस्टरला द्या. विषय संपला. त्या रात्री भरपूर रडले आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर कॅलेंडर लावलं. पुन्हा एकही तारीख चुकली नाही.

एटीकेटी वगैरे लाड नाहीत. १ म्हणजे सगळ्यात चांगले मार्क, ४ म्हणजे काठावर पास, ५ म्हणजे नापास. (आईला फोनवर "१.७ मिळाले" सांगितलं तर ती गप्पच झाली होती.) एका विषयाला साधारण तीन संधी. तिसऱ्यांदाही उडालात तर तो अभ्यासक्रमच बंद, विद्यापीठातून नाव कमी.

आणि एक सुंदर प्रकार आहे, आइनझिष्ट. निकालानंतर एक दिवस ठरवून देतात, त्या दिवशी जाऊन आपला तपासलेला पेपर स्वतः बघायचा. माझ्या पेपरातल्या मार्कांची बेरीज करताना दोन मार्क धरायचे राहिले होते. हात कापत होते, तरी दाखवलं. असिस्टंटने परत बेरीज केली, "तुमचं बरोबर आहे" म्हणाला आणि वाढवून दिले. ना उपकाराची भाषा, ना राग. समोरच्या मोठ्या माणसाची चूक न घाबरता, न भांडता दाखवता येते, हे मला वयाच्या तेविसाव्या वर्षी कळलं. आता ऑफिसात मी रोज हेच करते, पगार त्याचाच मिळतो.

नोकरीचं मात्र वेगळं लिहिते, ते इतकं गोड नाहीये.

खमंग_काकडी
१.७ ऐकून आई गप्प झाली =)) आमच्याकडे पण सेम!

जुना_पापी
मी १९८९ मध्ये अमेरिकेला गेलो तेव्हा महिन्याला एक फोन, तोही तीन मिनिटांचा. पत्र जायला दोन आठवडे, उत्तर यायला दोन आठवडे. स्वावलंबन म्हणतात ते त्यातून आलं. हल्लीची मुलं वरण उतू गेलं तरी आईला व्हिडिओ कॉल लावतात.

अर्धवटराव
पापीकाका, पुढे लिहा ना. विद्यापीठात जायला रोज दहा मैल बर्फातून चालायचात, जाताना आणि येतानाही चढच होता.

जुना_पापी
सात मैल. हलके घेतले आहे.

हिशेबनीस
जरा विरजण घालतो. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे सवय आहे.

युरोपात १९८७ पासून एरास्मुस योजना आहे. तिथली मुलं एखाद-दुसरं सत्र दुसऱ्या देशात काढतात. अशा मुलांना पुढे नोकऱ्या बऱ्या लागतात, असं वारंवार सांगितलं जातं. लागत असतीलही. पण जातं कोण? ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, ज्याला दोन भाषा येतात, ज्याच्यात घर सोडायची उमेद आहे. तो पोरगा मिरजेत राहिला असता तरी चारचौघांपेक्षा पुढेच गेला असता. छत्री घेऊन निघणारे भिजत नाहीत, म्हणून सगळं श्रेय छत्रीला द्यायचं का? त्यातला बराचसा वाटा आभाळ बघून निघायच्या सवयीचा असतो.

त्यामुळे वारणाकाठ, "जाऊन आलेले यशस्वी होतात" या वाक्यावर बारा लाख लावू नका. तुमचा मुलगा इथे राहिला तर काय करेल आणि तिथे गेला तर काय करेल, ही तुलना करा. शेजाऱ्याच्या मुलाशी नको.

निळी_शाई
हिशेबनीस सर, तुमचं गणित बरोबर आहे, पण त्यात माझ्यासारखे बसत नाहीत.

माझ्या घरी पुस्तकं नव्हती. वडील ऊसतोडीचे मुकादम, शाळा जिल्हा परिषदेची, बारावीपर्यंत सगळं मराठीतून. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली म्हणून इंग्लंडला एक वर्षाचं मास्टर्स करता आलं. ती नसती तर आभाळ कितीही बघितलं असतं तरी छत्री घ्यायला पैसेच नव्हते.

पहिला निबंध लिहिला, तीन हजार शब्दांचा. दहा पुस्तकं वाचून त्यातलं सगळं नीट मांडलं. मार्क ४८. तिथे मास्टर्सला ५० ला पास, ७० म्हणजे डिस्टिंक्शन. मी नापास! आयुष्यात पहिल्यांदा. कडेला एवढंच लिहिलेलं, की हे सगळं इतरांचं झालं, तुमचं म्हणणं कुठे आहे? मी दोन दिवस विचार करत बसले की माझं म्हणणं कुठून आणू. सोळा-सतरा वर्षांच्या शिक्षणात ते कोणी मागितलंच नव्हतं. मागितलं होतं ते उत्तर, तेही गाइडमधलं. शेवटचा निबंध ऊसतोड बायकांच्या मजुरीवर लिहिला, ६८ मिळाले. ते दोन मार्क अजून सलतात.

परत येऊन एका संशोधन संस्थेत लागले. मुलाखतीत डिग्रीबद्दल एकच प्रश्न होता. बाकी पाऊण तास त्या निबंधावर वाद चालला होता, आणि मी वाद घालू शकले.

हिशेबनीस
मान्य. माझं वाक्य "जे जाऊ शकतात" त्यांच्यापुरतं होतं, ते मी लिहायला हवं होतं. ज्यांना दार मुळातच बंद होतं त्यांना दार उघडल्यावर जास्त फायदा होणार, हे उघड आहे. छत्रीची उपमा मागे घेतो.

मांडवीतीर
अवांतर: आमच्या गोव्यात छत्री वेगळीच असते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या आजोबांचा जन्म लिस्बनमध्ये नोंदवायचा, मग बाबांचा, मग आपला, आणि पोर्तुगीज पासपोर्ट. माझा मावसभाऊ त्याच्यावर नेदरलँड्सला शिकला, युरोपियन म्हणून फी कमी. ब्लॉक्ड अकाउंट काय असतं ते त्याला ठाऊकच नाही. आजोबा असताना त्यांची काठी कुठे आहे हे विचारायला कोणी जात नव्हतं, आता त्यांचा बाप्तिस्म्याचा दाखला शोधायला अख्खं घर चर्चमध्ये.

उमरेडकर
वा बाप्पा, पासपोर्ट काढायचा तर आजोबाच बदलायचे काय आता? :D

माझं गंभीर. भाचा गेला होता ऑटोमोटिव्ह करायला. डिग्री झाली २०२४ च्या शेवटी. जुलै २०२४ ला झेडएफने (गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मोठी कंपनी) सांगितलं जर्मनीत १४ हजारपर्यंत नोकऱ्या कमी करणार, डिसेंबरात फोक्सवागनचा करार झाला २०३० पर्यंत ३५ हजारांवर कमी करायचा. जिथे घरच्या लोकांना जागा नाही तिथे आमच्या भाच्याला कोण घेते? डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, त्यातले ११ संपले. सध्या गोदामात खोकी लावून राहिला रात्रपाळीत. घरी सांगतो 'लॉजिस्टिक्स'मध्ये आहे.

स्किलगिल सगळं ठीक आहे हो. पण मुलगा जाते तेव्हाचा बाजार आणि मुलगा बाहेर पडते तेव्हाचा बाजार यात दोन-अडीच वर्षांचं अंतर असते. त्याचं एक्स्पोजर कोणी सांगत नाही.

केम्निट्झवाली
उमरेडकर काका, भाच्याला जर्मन किती येतं? बी१ च्या (भाषेच्या पायऱ्या असतात: ए१, ए२, मग बी१) खाली असेल तर तेच कारण धरा. मी नोकरीचं लिहिणार होते ते हेच.

कोर्स इंग्रजीत असतो, त्यामुळे मुलांना वाटतं जर्मनशिवाय भागेल. वर्गात भागतं. खोलीवरही भागतं, कारण खोलीवर तीन तेलुगू, एक नाशिककर आणि एक कुकर असतो. पण कंपनीचं कॅन्टीन जर्मनमध्ये चालतं. मीटिंग इंग्रजीत सुरू होते, काही अडलं की दोन मिनिटांत सगळे जर्मनवर जातात, आणि अडलेलं तिथेच सुटतं. तुम्ही नुसते हसून मान हलवत बसता.

आम्ही सगळे खऱ्या अर्थाने शिकलेला पहिला जर्मन शब्द म्हणजे 'लायडर', अर्थात 'दुर्दैवाने'. नकाराच्या ईमेलमध्ये तो असतोच. पुढे पुढे पूर्ण मेल वाचतच नाही, लायडर दिसला की डिलीट. माझे १६० अर्ज झाले. बी१ ची परीक्षा पास झाल्यावर अर्जच जर्मनमध्ये लिहायला लागले, आणि सातव्या अर्जाला वेर्कश्टुडेंटची जागा मिळाली, म्हणजे सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास कंपनीत काम. थीसिस तिथेच केला, मग नोकरीही तिथेच लागली. माझ्या बॅचचे जे टिकले ते जवळपास सगळे याच वाटेने. मार्कांनी नाही.

चाकण_रिटर्न
ताईंना शंभर टक्के अनुमोदन. आता परत येणाऱ्याची बाजू.

मी दोन वर्षं शिकून, दीड वर्ष तिथे काम करून घरच्या कारणाने परत आलो. पुण्यात जर्मन कंपन्या ढिगाने आहेत, वाटलं पायघड्या घालतील. पहिल्या मुलाखतीत एचआरने सांगितलं, मास्टर्सची दोन वर्षं अनुभवात धरत नाही. पगार ऐकून बायको म्हणाली, आकडा महिन्याचा आहे ना नक्की?

पण सहा महिन्यांनी गंमत झाली. तिकडून एक लास्टनहेफ्ट आलं, म्हणजे ग्राहकाला काय हवंय त्याची जाडजूड यादी, पूर्ण जर्मनमध्ये. टीमने मशीनवर भाषांतर करून काम सुरू केलं होतं. मी मूळ वाचलं तर एका ठिकाणी 'करावंच' आणि 'करता आल्यास' यांची अदलाबदल झालेली. फोन उचलला, तिकडच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोललो, आधी हवापाण्याचं, मग कामाचं. तीन आठवड्यांचं काम वाचलं. तेव्हापासून त्या ग्राहकाचं सगळं माझ्याकडे येतं आणि पगाराचा आकडा आता बायकोला मान्य आहे.

तर वारणाकाठ साहेब, इथल्या बाजारात तिथली डिग्री विकली गेली नाही. तिकडचा माणूस 'बघू' म्हणाला की त्याला काय म्हणायचंय, हे मला कळतं. ते विकलं गेलं.

रानजाई
एचआरवाली आहे, दगड मारू नका.

आमच्याकडे सीव्ही येतात त्यात 'परदेशी डिग्री' असं वेगळं खोकं नसतं. आम्ही बघतो की तिथे काम केलंय का. वेर्कश्टुडेंट, इंटर्नशिप, कंपनीतला थीसिस, काहीतरी. नुसतं मास्टर्स करून, सगळा वेळ आपल्याच लोकांत काढून आलेला उमेदवार लगेच ओळखू येतो. "मतभेद झाला तेव्हा काय केलंत" विचारलं की गप्प. उलट एका मुलीने मला सांगितलं की बेकरीत पहाटे चारला काम करताना मालकिणीशी सुट्ट्यांच्या पैशांवरून भांडण झालं, मग तिने कायदा वाचला, जर्मनमध्ये पत्र लिहिलं आणि पैसे मिळवले. तिला मी तिथल्या तिथे घेतलं. बेकरीचं काम तिने सीव्हीत लिहिलंच नव्हतं, लाज वाटली म्हणे!

उमरेडकर, भाच्याला सांगा, गोदामाचं काम लपवू नको.

जुना_पापी
या बेकरीवरून आठवलं. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या, मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करायला. त्यांच्या गाइडचं मत होतं की गोऱ्या लोकांच्या कवटीची ठेवण वेगळी असते आणि बुद्धीचा त्याच्याशी संबंध आहे. बाईंनी कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहून दिलं की असा काही संबंध दिसत नाही. बर्लिनमध्ये, त्या काळात, त्याच गाइडच्या हाताखाली! केम्निट्झवालीचं दोन मार्कांचं वाचून तेच मनात आलं.

केम्निट्झवाली
काका, कुठे त्या आणि कुठे माझे दोन मार्क. पण स्क्रीनशॉट काढून आईला पाठवलाय.

हिशेबनीस
पापीसाहेब, या एका प्रतिसादासाठी तुमचे सात मैल माफ.

खमंग_काकडी
फीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. "फी नसते" हे अर्धसत्य आहे. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात (श्टुटगार्ट, कार्ल्सरूह तिथेच) युरोपाबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो आहेत. म्युनिकच्या टीयूने (तांत्रिक विद्यापीठाने) २०२४ च्या हिवाळी सत्रापासून नवीन परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली, ती तर आणखी जास्त. बाकी बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फक्त सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क, दोन-तीनशे युरोच्या आसपास, त्यात बहुतेक ठिकाणी बस-ट्रामचा पासही येतो.

आणि एजंट! माझ्या भावाला एकाने खाजगी विद्यापीठ गळ्यात मारलं होतं. "लगेच ॲडमिशन, जर्मनची अट नाही." फी वर्षाला दहा हजार युरोच्या वर. सरकारी विद्यापीठाकडून एजंटला दमडी मिळत नाही, खाजगीकडून कमिशन मिळतं, एवढं लक्षात ठेवलं की तो कुठलं नाव का पुढे करतोय ते कळतं. आम्ही वेळेत सावरलो, डिपॉझिट गेलं.

ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे मात्र बुडत नाहीत हो, तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो आपल्यालाच परत मिळतात, खर्चाला.

अर्धवटराव
अजून कोणी विचारलं नाही म्हणून मीच विचारतो. कुकर चेक-इनमध्ये जातो का?

मांडवीतीर
जातो. शिट्टी मोज्यात.

उमरेडकर
भाच्याशी बोललो काल रात्री. जर्मन ए२ वर सोडलं होतं त्यानं, "कोर्स इंग्रजीत आहे मामा" म्हणून. ताई, तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, 'नुसते हसून मान हलवत बसता' इथे आल्यावर तिकडून काही आवाजच नाही. मग म्हणाला, मामा, गोदामातला सुपरवायझर तुर्की आहे, तो माझ्याशी जर्मनच बोलतो, मला आता ट्रकवाल्यांची भांडणं समजतात. म्हटलं, तेच सीव्हीत लिही. सात महिने बाकी आहेत.

वारणाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस रात्री जेवण झाल्यावर मोठ्याने वाचतोय, सौ. आणि माझी आई ऐकतात. आईला कवटीचं फार आवडलं.

मुलाला फोन केला. म्हटलं, फी नसते ते कळलं, आता सांग, तुझी जर्मन कुठवर आली? म्हणाला, ॲप आहे फोनवर. ४० दिवसांची स्ट्रीक आहे म्हणे. मी म्हटलं, ॲपला कॅन्टीनमध्ये जेवायला नेणार आहेस का? थोडा चिडला. मग स्वतःच म्हणाला की मॅक्समुल्लर भवनात पुढच्या बॅचची चौकशी करतो.

असं ठरतंय की शेवटच्या वर्षासोबत भाषा करायची, पास झाल्यावर एक वर्ष इथेच नोकरी करायची, आणि तेव्हा बी१ हातात असेल तरच कर्जाच्या कागदांवर मी सही करणार. त्याला वर्ष वाया जाईल असं वाटतंय. हिशेबनीस सर, तुम्ही म्हणालात तशी तुलनाही त्या वर्षात आपोआप होईल, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

केम्निट्झवाली ताई, एकच शेवटचं. शून्यापासून बी१ ला किती वेळ लागतो?

केम्निट्झवाली
रोज दोन तास दिले तर आठ-नऊ महिने, काका. आणि जाण्याआधी एपीएस नावाची कागदपत्रांची पडताळणी लागते, भारतीय मुलांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीची झाली आहे. त्यासाठी सगळ्या मार्कशीट आत्तापासून एका फाइलमध्ये लावायला सांगा. आमच्या ग्रुपमध्ये एकाची पाचव्या सेमिस्टरची सापडेना म्हणून एक इनटेक हुकला.

वारणाकाठ
फाइल आजच आणतो. 'रोज' हा शब्द ठळक करून त्याला पाठवलाय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.